गव्हाला पाणी किती आणि कधी? रोलर मिलमध्ये ओलावा सांभाळून खर्च असा वाचवा

गहू साफ झालाय, खडे-माती निघालीय असं धरतो. पाणी मारायच्या आधी प्रत्येक लॉटचा ओलावा मोजा. मीटर अधूनमधून ओव्हनच्या टेस्टशी (नमुना ओव्हनमध्ये वाळवून वजन किती घटलं ते बघणं) ताडून बघा, तोच चुकीचं दाखवत असेल तर पुढचा सगळा हिशोब वाया.

आता पाणी. मला याच टप्प्याने सगळ्यात जास्त छळलंय. ११ टक्क्यांचा गहू १६ वर न्यायचा म्हणजे १००० किलोला ५० लिटर, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, कारण पाण्याने एकूण वजनही वाढतं आणि तुम्ही जेमतेम १५.२ ला पोचता. खरा हिशोब असा: वाढवायचे टक्के गुणिले गव्हाचं वजन, भागिले (१०० वजा हवा तो ओलावा). म्हणजे ५ गुणिले १००० भागिले ८४, साधारण ५९.५ लिटर. आणि एवढं पाणी एका दमात ओतू नका, दोनदा विभागून द्या, नाहीतर वरचे दाणे चिंब आणि बाकीचे कोरडेच.

मग मुरू द्या! मऊ गव्हाला ८-१२ तास, कडक गव्हाला १६-२४, थंडीत अजून जास्त. घाई आहे म्हणून चार तासांत गहू रोलरवर घेणं म्हणजे स्वतःचं नुकसान, पाणी अजून सालीपाशीच असतं, आतला दाणा टणकच राहतो आणि वीज जास्त जाते. नीट मुरला की साल चिवट होते, आतलं मऊ पडतं, कोंडा मोठ्या पापुद्र्यांनी सुटतो. कोरडा दळला तर कोंड्याचा भुगा मैद्यात जातो, राख (पीठ जाळल्यावर उरणारे क्षार, ते कोंड्यात जास्त असतात) वाढते, रंग मळतो. फार ओला असेल तर चाळण्या बुजतात आणि पीठ कोंड्याला चिकटून कोंड्याच्याच भावात विकलं जातं.

पहिल्या ब्रेकच्या (दाणा फोडणाऱ्या पहिल्या रोलच्या) साधारण अर्धा तास आधी ओलावा अजून अर्ध्या टक्क्यापर्यंत वाढेल इतकंच हलकं पाणी मारा, साल अजून चिवट होते.

दळताना रोलच्या गरमीने आणि हवेच्या ओढीने ओलावा उडतो, म्हणून शेवटी पिठाचाच ओलावा बघा, फक्त गव्हाचा बघून समाधान मानू नका. १२.५ टक्क्यांवर निघालेलं १०० किलो पीठ १३.५ वर निघालं असतं तर जवळपास १०१.२ किलो भरलं असतं, रोज एवढं वजन हवेत जातंय. पण म्हणून १४ च्या वर नेऊ नका, गुठळ्या होतात, बुरशी धरते आणि माल परत येतो.