घरचे डिनर रोल (छोटे मऊ पाव): तयारीची यादी, मिठापासून सुरू

सगळ्यात आधी मीठ. ५०० ग्रॅम मैद्याला ९ ग्रॅम, म्हणजे चहाचा दीड चमचा, सपाट. ते मोजा आणि लगेच कोरड्या मैद्यात टाकून हाताने सारखं करा. वाटीत काढून बाजूला ठेवू नका. ‘मीठ यीस्टला लागू देऊ नका’ असं बहुतेक कृतींत बजावलेलं असतं, ते वाचून आपण मीठ बाजूला काढतो आणि ते बाजूलाच राहतं. मागच्या खेपेला माझं तसंच झालं. मिठाची वाटी मिक्सरच्या मागे, आणि ओव्हनमधून फिकट, अळणी रोल बाहेर. नणंदेने पहिला शेंगाचटणीबरोबर खाल्ला म्हणून निभावलं. दुसरा नुसता तोंडात टाकला आणि म्हणाली, “वहिनी, हे गोडाचे केलेत का?”

यीस्टवर मिठाचा ढीग घालून वर पाणी ओतलं तर यीस्टला त्रास होतो, हे खरं आहे. पण अर्धा किलो मैद्यात नीट मिसळलेलं ९ ग्रॅम मीठ यीस्टला मारत नाही, फक्त आवरतं. आणि सोलापुरात ते आवरावंच लागतं. एप्रिल-मेमध्ये बाहेर पाऱ्याने चाळिशी ओलांडलेली असते, स्वयंपाकघर भट्टी झालेलं असतं. अशा हवेत बिनमिठाची कणीक बघता बघता भांड्याबाहेर येते, आणि आपण खूश होतो की काय मस्त फुगलीय! यीस्टने साखर भराभर संपवलेली असते, त्यामुळे भाजताना वर रंग येत नाही. मिठाशिवाय ग्लूटेन, म्हणजे मैद्यातलं ताण धरणारं चिवट प्रथिन, आवळत नाही, म्हणून कणीक हाताला सैल आणि चिकट लागते. मग आपण वरून मैदा घालत बसतो आणि रोल घट्ट होतात. तेव्हा कणीक विनाकारण चिकट वाटली तर मैद्याच्या डब्याला हात लावण्याआधी आठवा, मीठ घातलंय का.

बटर खारं आहे, मग मीठ कशाला, ही पळवाट मीही काढून पाहिलीय. ५० ग्रॅम खाऱ्या बटरमध्ये मीठ जेमतेम ग्रॅम-सव्वा ग्रॅम येतं. त्याने काही होत नाही. फार तर ९ ऐवजी ८ ग्रॅम घ्या, पण घ्या.

बाकीचं साहित्य: मैदा ताजा, चाळलेला. साखर ४० ग्रॅम. बटर ५० ग्रॅम, मऊ झालेलं, वितळलेलं नव्हे. दूध ३०० मिलि, तापवून गार केलेलं, वर लागलं तर घालायला आणखी दोन-तीन चमचे. अंडं लागत नाही. इतक्या ऐवजात साधारण ५५ ग्रॅमचे सोळा रोल होतात आणि नऊ इंची चौकोनी डब्यात चार ओळींत बसतात. वजनकाटा नसेल तर आधी तो आणा. वाटीने मैदा मोजला की दाबून भरला की अलगद, यावर दोन-चार चमचे दुधाचा फरक पडतो, आणि नवशिक्याला तो फरक हाताने कळत नाही.

यीस्ट. दुकानात इन्स्टंट ड्राय यीस्ट मागा, ५०० ग्रॅमला ५ ग्रॅम पुरतं, भर उन्हाळ्यात ४. हे थेट मैद्यात घालता येतं. जाड दाण्यांचं ॲक्टिव्ह ड्राय मिळालं तर ते आधी कोमट दुधात दहा मिनिटं भिजवावं लागतं. ओळखीच्या बेकरीवाल्याने ओलं यीस्ट दिलं तर ते कोरड्याच्या तिप्पट घ्या आणि दोन-चार दिवसांत संपवा. नवी पेठ, मधला मारुती करत बाजार फिरणार असाल तर यीस्ट शेवटी घ्या. भर उन्हात स्कूटरच्या डिकीत तास-दोन तास तापलेल्या पाकिटाचा भरवसा नाही. फोडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रीझरमध्ये. महिन्यांपूर्वी फोडलेलं असेल तर परीक्षा घ्या: पाव वाटी कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि थोडं यीस्ट. दहा-पंधरा मिनिटांत वर फेस आला नाही तर फेकून द्या. ‘थोडा तरी आलाय’ म्हणून पुढे जाऊ नका, मैदा-बटर यीस्टपेक्षा महाग आहे. या परीक्षेच्या पाण्यात मात्र मीठ नाही. मीठ मैद्यात. गेलंय ना?

आता पाणी आणि दूध, इथे आपल्याकडच्या हाताला जरा वळण लावावं लागतं. आपण भाकरी करणारी माणसं. ज्वारीत ग्लूटेन नसतं, म्हणून परातीतल्या पिठात उकळतं पाणी ओतायचं, पीठ त्याने चिकट होतं आणि भाकरी थापता येते. मंगळवेढ्याची ज्वारी असली तरी गार पाण्यात भिजवलेली भाकरी तुटणारच. हाताला ती सवय असते आणि ‘कोमट’ म्हटलं की आपण चांगलं कढत ओततो. यीस्ट ५५-६० अंशांना मरतं. करंगळी बुडवल्यावर गरम आहे असं जाणवलं तर ते जास्तच गरम आहे. थांबा.

त्यातून कृती लिहिणारे थंड मुलखातले. त्यांचं स्वयंपाकघर १८-२० अंशांना, त्यांना कोमट दूध लागतं. आपल्याकडे मे महिन्यात मैद्याचा डबाच कोमट असतो. मळून झाल्यावर कणीक २६-२७ अंशांच्या आसपास असावी, आणि त्यासाठी उन्हाळ्यात दूध सरळ फ्रिजमधलं घ्यावं लागतं. पाणी वापरणार असाल तर माठातलं. गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी अजिबात नको. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, टाकीत साठवलेलंच वापरतो आणि दुपारी दोनला तो नळ सोडला तर हात भाजतो. गार दूध वापरताना यीस्ट दुधात टाकू नका, मैद्यात मिसळा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत, जानेवारीत, मात्र दूध खरंच कोमट करून घ्या, नाहीतर कणीक तास-दीड तास ढिम्म बसून राहील.

झाकायला फडकं. घरात ढीगभर टॉवेल असतात म्हणून टेरी टॉवेल ओला करून कणकेवर टाकू नका. सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याचे फासे कणकेत रुततात आणि उचलताना फुगलेली कणीक वर ओढून फाडतात. धुवट सुती पंचा घ्या, ओला करून घट्ट पिळलेला, आणि तो भांड्याच्या तोंडावर ताणून बसवा, कणकेला टेकू देऊ नका. आपली हवा कोरडी, दहा मिनिटं उघडं राहिलं तरी वर पापुद्रा धरतो आणि तो पापुद्रा फुगताना तडकतो. पंखा बंद. मे महिन्यात पंखा बंद करा म्हणणाऱ्याला घरचे काय म्हणतील ते मला माहीत आहे. मग कणीक बंद कपाटात ठेवा.

ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) असेल तर जाड पिनेचा पॉवर प्लग लागतो, मोबाईल चार्जरच्या एक्स्टेन्शनवर लावू नका. लाईट कधी जाते याचा अंदाज घेऊन मगच मळायला बसा. भाजताना दहाव्या मिनिटाला लाईट गेली तर त्या रोलना कोणी वाचवू शकत नाही. मायक्रोवेव्ह असेल तर त्यात कन्व्हेक्शन, म्हणजे गरम हवेने भाजायची सोय, आहे ना बघा, साध्या मायक्रोवेव्हमध्ये हे होत नाही. काहीजण कढईत तळाला मीठ पसरून, वर जाळी ठेवून भाजतात, होतात तसेही. पण ते मीठ वेगळं. कढईसाठी मिठाची पिशवी ओट्यावर आली म्हणजे मैद्यात मीठ गेलं असा समज करून घेऊ नका. मला तरी ओट्यावर मीठ दिसलं की घातल्यासारखंच वाटतं.

हे सगळं मांडून झालं की मळायला घ्या. मैदा, मीठ, साखर, यीस्ट कोरडंच एकत्र करा, दूध हळूहळू घाला, गोळा झाला की झाकून दहा-पंधरा मिनिटं सोडा. मग मळा. पोळीच्या कणकेसारखं चार हात मारून भागत नाही, तळव्याने पुढे ढकलायचं, दुमडायचं, फिरवायचं, आठ-दहा मिनिटं. मग बटर, तीन-चार वेळा थोडं थोडं. बटर घातलं की कणीक फिसकटल्यासारखी होते, हाताला तुपकट तुकडे लागतात आणि सगळं बिघडलं असं वाटतं. बिघडलेलं नसतं. मळत राहा, पाच मिनिटांत परत एकजीव होते. लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणा: पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पडदा न फाटता आला की झालं. लगेच फाटला तर अजून मळा. कंटाळा आला असेल तर पाच मिनिटं झाकून ठेवा आणि परत मळा, पण हे टाळू नका, मऊपणा इथेच येतो.

आणि आता, फुगायला ठेवण्याआधी, कणकेचा वाटाण्याएवढा तुकडा जिभेवर ठेवा, चव घ्या, थुंका. खारट चव पुसटशी लागलीच पाहिजे. नुसती गोड लागली तर मीठ राहिलंय. अजून वेळ गेलेली नाही: ९ ग्रॅम मीठ चमचाभर पाण्यात ढवळून कणकेवर घाला आणि पाच-सात मिनिटं मळून मुरवा. सुरुवातीला कणीक चिकचिकेल, मग घट्ट होईल. पहिलं फुगणं झाल्यावर आठवलं तरी हे करता येतं, पुन्हा फुगायला वेळ द्यावा लागतो एवढंच. एकदा भाजून झाले की काही करता येत नाही. वरून खारं बटर फासून आतलं अळणी जात नाही, मी फासून पाहिलंय.

फुगवायला उभट, तेलाचा हात लावलेलं भांडं घ्या आणि कणकेच्या पातळीवर बाहेरून खूण करा. घड्याळ बघू नका, कृतीत ‘एक तास’ लिहिलं असलं तरी मे महिन्यात आपल्याकडे पस्तीस-चाळीस मिनिटांत काम होतं, जानेवारीत दीड तासही लागतो. दुप्पट झाली की पुरे. पिठाळ बोट खुपसलं आणि खड्डा सावकाश, अर्धवट भरला तर बरोबर. खड्डा तसाच राहिला आणि आंबूस वास आला तर उशीर झाला. हिवाळ्यात भांड्याभोवती चादर गुंडाळली तर चालते. तिचा कणकेशी संबंध येत नाही.

पुढचं थोडक्यात. हवा काढा, सोळा गोळे वजन करून पाडा, कडा खाली ओढून तळाशी चिमटा काढा म्हणजे वरचा भाग ताणलेला आणि गुळगुळीत राहील. डब्याला बटर लावून बोटभर अंतराने मांडा, झाकून परत फुगू द्या, उन्हाळ्यात वीस-पंचवीस मिनिटं, एकमेकांना चिकटले की तयार. ओटीजी त्याआधीच १९० अंशांवर, दोन्ही कॉइल चालू, पंधरा मिनिटं तापलेला हवा. वरून दुधाचा हात, दाबू नका. मधल्या फळीवर अठरा ते बावीस मिनिटं. वरचा रंग लवकर आला तर फॉइल.

बाहेर काढले की लगेच बटर लावा, पंचा झाका, दहा मिनिटांनी डब्यातून जाळीवर. गरम असताना तोडू नका, आत गोळा राहिल्यासारखा वाटतो. उरले तर घट्ट डब्यात दुसऱ्या दिवसापर्यंत. उन्हाळ्यात त्यापुढे बाहेर ठेवू नका, बुरशी धरते. फ्रिजमध्ये नको, तिथे लवकर कडक होतात. फ्रीझरमध्ये ठेवा आणि हवे तेव्हा तव्यावर पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून गरम करा.