वंशावळ लिहायची तर आधी चुली मोजा

मुरूड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी 32 वर्षं शिकवलं. निवृत्त झाले तरी जातपडताळणीचा अर्ज भरायचा असला की गावातली मुलं माझ्या ओटीवर येतात. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर कसं वाचायचं, 1967 पूर्वीची नोंद कुठे सापडेल, हे मला ठाऊक म्हणून. मग प्रतिज्ञापत्रात वंशावळ उतरते: खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, वडील, अर्जदार. सुपारीच्या झाडासारखी सरळसोट, एक फांदी नाही. बाई तर औषधालाही नाही.

कचेरीपुरती ती ठीक. पण नातवंडांसाठी घराची खरी नोंद ठेवायची असेल, तर मी करते तसं करा. दोनशे पानी वही घ्या, पेन्सिल घ्या. पेनाने लिहू नका, खूप खोडावं लागतं. आणि पहिला प्रश्न ‘कोण कोणाचा मुलगा’ असा विचारू नका. ‘कोणाच्या चुलीवर कोण जेवायचं?’ असं विचारा. एका चुलीला एक पान.

माझ्याच घराचं सांगते. आम्ही कुणबी. वडील परळला गिरणीत. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख तेच, पण घरात आजी, आई, काकी आणि आम्ही पाच पोरं. भात लावणं, मजूर बघणं, सोयरीक जमवणं सगळं आजीच्या हुकमाने. वडील मुंबईत गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे आणि एका बाईंच्या खाणावळीत जेवायचे. गणपतीला आणि शिमग्याला घरी. 1982 चा संप झाला आणि ते कायमचे गावी आले. पहिलं वर्षभर ओटीवर पाहुण्यासारखे बसायचे; मिठाची बरणी कुठे असते हेही त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून माझ्या वहीत आमच्या घराची दोन पानं आहेत: गावची चूल आणि खाणावळ. खाणावळीच्या बाईंचं नाव मी लिहिलंय. 19 वर्षं जेवायला घातलं त्यांनी, नातं नसेना का.

ही झाली कुणब्यांची तऱ्हा. दुसऱ्या समाजाच्या घरी हाच प्रश्न पुरत नाही, हे मी चुका करून शिकले.

कोळीवाड्यात ‘पैसा कोणाच्या हातात?’ हेही विचारा. पुरुष मासळी आणतो, पण बाजारात टोपली घेऊन बाई बसते, हिशेब तिच्याकडे. सासू कोणत्या सुनेला बाजारात आपल्या शेजारी बसवते, यावरून पुढे घर कोण चालवणार ते कळतं. होडीवर कोण कोण जातं आणि वाटे कसे पडतात, तेही लिहून घ्या. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, घरातलाच असेल असं नाही.

मुसलमान मोहल्ल्यात माझी चांगलीच फजिती झाली. आमच्यात मामेबहीण चालते, चुलत बहीण म्हणजे सख्ख्यासारखीच. त्यांच्यात चुलत भावंडांचं लग्न होतं. मैत्रिणीच्या घराची नोंद केली तेव्हा तिने वही बघून कपाळाला हात लावला. म्हणाली, “बाई, माझी सासू आणि माझी चाची तू दोन ठिकाणी लिहिलीस. एकच आहे गं ती!” तेव्हापासून अशा घरी मी फांद्या आधीच पेन्सिलीने पुसट काढते; पुढे दोन फांद्या एकमेकींना येऊन मिळतात. आणि कोण कोणत्या वर्षी जहाजावर गेला, कुवेतला गेला, केव्हा परतला, याचा वेगळा रकाना. वीस वर्षं आखातात असलेला माणूस घरात होता की नव्हता, हे बाईच सांगू शकते.

रेवदंडा-अलिबाग बाजूच्या इस्रायली, म्हणजे इथल्या ज्यू घरांसाठी स्मशानात जा. बरेचसे लोक 1948 नंतर इस्रायलला गेले, पण थडग्यांवर हिब्रूबरोबर मराठीही आहे, नावं मिळतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्यातही पूर्वी गोरे आणि काळे असे भेद होते. आई इथली, बिरादरीबाहेरची, म्हणून काळे. त्यांच्याशी गोऱ्यांचा बेटीव्यवहार नसे. म्हणजे एका आजीमुळे सगळी शाखा बाजूला पडलेली. वंशावळीत नेमकी तीच आजी गाळलेली असते. आपल्याकडेही ‘लेकावळे’, म्हणजे लग्नाबाहेरच्या बाईची संतती, म्हणून बाजूला बसवलेली घरं होती, तेव्हा फार नाकं मुरडायला नकोत. असा विषय निघाला तर बाईला एकटीला गाठा. मुलगा समोर असला की उत्तर तोच देतो, आणि सोयीचं देतो.

राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा दिसतो, त्यामुळे सिद्दी म्हटलं की लोक आधी नवाब आठवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, कोणी शिपाई म्हणून, कोणी खलाशी, कोणी गुलाम म्हणून. संस्थान 1948 मध्ये विलीन झालं. पण घराची नोंद घेताना रंगाकडे आणि केसांकडे बघत ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं विचारू नका. एका घरी मी विचारलं. आजीने शांतपणे उलट विचारलं, “तुम्ही?” मला माझं गाव सोडून मागचं काही सांगता येईना.

आडनावावर अजिबात जाऊ नका. दिवेकर चित्पावनही असतात, इस्रायलीही. गाव एक, म्हणून आडनाव एक. बाबासाहेबांचं घराणं मंडणगडजवळच्या आंबडव्याचं, वडिलांचं आडनाव सकपाळ; तेच आडनाव इतर समाजांतही आहे. काही घरांनी आडनाव बदललं. म्हणून रजिस्टरात बाप आणि मुलगा वेगळ्या आडनावाने दिसले तर चूक समजून खोडू नका, दोन्ही लिहा.

लेकींचं काय, हा सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग. जमीन असेल तर फेरफाराच्या जुन्या नोंदी काढा. 1956 च्या वारसा कायद्यानंतर हिंदू घरात बाप वारला की वारसांत लेकींची नावं लागायला लागली. मग भावाने हक्कसोडपत्र करून घेतलं की ती सातबाऱ्यावरून गेली, पण फेरफारात राहिली, अंगठ्यासकट. कुलवृत्तान्त छापणारी चार घरं सोडली तर आपल्याकडे बायकांचा एवढाच कागद.

माझी आजी गावात ‘नांदगावकरीण’. माहेरच्या गावावरून हाक मारायची इथली पद्धत. घरात म्हणायचे पार्वती, तेच मी वहीत लिहिलं होतं. नांदगावच्या मामांकडून त्यांच्या जमिनीचा जुना फेरफार मिळवला, त्यात तीन भाऊ आणि एक बहीण. बहिणीचं नाव पार्वती नव्हतं, सावित्री होतं. लग्नात नाव बदललेलं. पार्वतीवर मी एक बारीक रेघ मारली, खोडलं नाही, आणि शेजारी सावित्री लिहिलं.