नाताळात भेटवस्तू घेताय? या चुका टाळा

परतीच्या गाडीला दोन तास उरलेत आणि आत्ता बाजारात निघालात, तर जे मिळेल तेच घेऊन याल. डिसेंबरात गोव्यात येणारे आमचे पुण्या-मुंबईचे पाहुणे दरवर्षी हेच करतात. पुढच्या बहुतेक चुका त्या घाईतूनच होतात.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो बेबिंकेवरून, म्हणजे गोव्याच्या थराथरांच्या गोडावरून. नारळाचा रस, साखर, तूप, मैदा एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात अंड्यांचा पिवळा बलक पडतो, आणि भरपूर पडतो, हे कुणी विचारतच नाही. आमच्या एका मावसभावाने मार्गशीर्षातल्या गुरुवारी सासरी बेबिंका पोचवली. सासूबाईंचा महालक्ष्मीचा उपवास. जावयाने गोव्याहून धाडलेलं गोड, म्हणून त्यांनी ते कौतुकाने नैवेद्यात ठेवलं. संध्याकाळी नातवाने खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. माउली कुणाला एका शब्दाने बोलली नाही, पण रात्रभर जागी होती. दुकानदाराला काय दोष द्यायचा? सगळं छापलेलं होतं, वाचायला अर्धं मिनिट लागलं असतं. तेव्हापासून शाकाहारी घरासाठी मी दोदोल घेते. नारळाचा रस, तांदळाचं पीठ, माडाचा गूळ. तरी पाकीट वाचल्याशिवाय उचलत नाही. नाहीतर सरळ खाजे. बेसन, गूळ, आलं, तीळ असलेले हे खाजे ३ डिसेंबरच्या जुन्या गोव्याच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या जत्रेला, हमखास मिळतात, आणि प्रवासात बिघडत नाहीत.

अंडं चालणाऱ्यांना बेबिंका जरूर द्या, पण घरी करणाऱ्या बाईंना आधी सांगून ठेवा. एक थर भाजून तांबूस झाल्यावरच त्यावर दुसरा ओततात, असे निदान सात थर. २३ तारखेला फोन करून "उद्या मिळेल का?" विचारणाऱ्यांना त्या कामाची किंमतच कळलेली नाही.

दुसरी चूक काजूची. लोक खोकं बघून काजू घेतात. खोकं केवढंही असू दे, त्यावर निव्वळ वजन आणि पॅकिंगची तारीख लिहिलेली असते, ती बघा. आकारासाठी प्रत विचारा. डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, २४० पर्यंत अख्खे गर. डब्ल्यू ३२० मध्ये ते ३२० पर्यंत, म्हणजे आकडा वाढला की गर लहान. मोठ्या आकड्याला भारी माल समजून जास्त पैसे मोजणारे मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाहिलेत. आणि सगळेच काजू इथले नसतात, बाहेरून आलेल्या बियांचा मालही गोव्याचा म्हणून खपतो. गोव्याच्या काजूला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा बी कुठली हे विचारायला लाजू नका. मी सुटे काजू घेते, तेही बिनमिठाचे, एक दाताखाली धरून. मीठ-मसाल्यात खवटपणा लपतो. इथला हंगाम मार्च ते मे, म्हणजे डिसेंबरातला माल साठवणीचाच. तो नीट साठवलाय का, हे त्या एका गराने कळतं. मग घरी बरणीत भरून द्यायचे. खोक्याचे पैसे वाचतात, त्यात पावशेर जास्त येतात.

फेणी न्यायची तर राज्याबाहेर नेण्याच्या परवान्याची चौकशी आधी करा, आणि समोरच्या घरात ती चालते का याचीही.

हाताने रंगवलेली टाइल म्हणून छापील टाइल गळ्यात मारून घेऊ नका. ब्रशचा फटकारा दिसायला हवा.

एकाच वस्तूचे दहा नग घेऊन ते नंतर माणसांना वाटत बसणं मला मुळीच पटत नाही. आधी नावं लिहा, मग दुकान.

आणि इथेच राहणाऱ्यांसाठी एक. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे नाताळाला विकतचा केक नेऊ नका. त्या घरात आठवडाभर केक, नेवऱ्या म्हणजे करंज्या, कुलकुल, दोस असं गोडधोड चाललेलं असतं. त्यांचं ताट आपल्याकडे येतं, ते रिकामं परत करायचं नाही एवढं सांभाळा. मी त्यात परसातली केळी ठेवते, आणि गणपतीच्या चवथीला आमच्या नेवऱ्या त्यांच्याकडे जातात.