यानाचा हप्ता माफ करू नका: अवकाश कॅम्पेनची सिस्टीम निवडताना या चुका टाळा

टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रं रंगवायच्या रोलप्लेइंग खेळांत कॅम्पेन म्हणजे अनेक बैठका चालणारी सलग गोष्ट, आणि सिस्टीम म्हणजे ती चालवणारा नियमसंच. ‘सायन्स फिक्शनसाठी सगळ्यांत चांगली सिस्टीम कोणती?’ हा प्रश्न अर्धवट आहे. आधी हे सांगा, की तुमचे खेळाडू चार तास बसून करणार काय? माल वाहणार, दरोडे घालणार, अनोळखी ग्रह धुंडाळणार, की अंधाऱ्या यानात जीव मुठीत धरून पळणार? याचं उत्तर एका ओळीत कागदावर उतरवल्याशिवाय एकही पुस्तक विकत घेऊ नका. मुखपृष्ठावरचं यान बघून घेतलेली सिस्टीम तिसऱ्या-चौथ्या सेशनला अडते आणि खापर मात्र नियमांवर फुटतं.

ट्रॅव्हलर घेतलं आणि कर्ज वगळलं

ही चूक इतक्या टेबलांवर होते की तिच्यावर सविस्तरच बोलायला हवं. ट्रॅव्हलर १९७७ सालचा खेळ, आणि आजही त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात. जुने क्लासिक नियम घेऊन फ्री ट्रेडर यानाचा हिशेब मांडून बघा. यान २०० टनांचं, मालाला जागा ८२ टन, किंमत ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिट. महिन्याचा हप्ता किमतीचा २४०वा भाग, म्हणजे १,५४,५०० क्रेडिट. असे ४८० हप्ते, पूर्ण चाळीस वर्षं.

जम्पला, म्हणजे एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे मारलेल्या उडीला, एक आठवडा लागतो, पुढचा आठवडा बंदरात जातो, म्हणजे महिन्याला दोन फेऱ्या. टनाला १,००० क्रेडिट भाडं धरून दोन्ही वेळा यान काठोकाठ भरलं, तरी हातात येतात १,६४,०००. हप्ता गेल्यावर उरले ९,५००. एका जम्पला २० टन इंधन लागतं, शुद्ध इंधनाचा भाव टनाला ५००, म्हणजे दोन फेऱ्यांचे २०,००० झाले. इथेच खातं तोट्यात गेलं, आणि पगार व हवापाण्याचा खर्च अजून धरलेलाही नाही.

म्हणून प्रवासी शोधावे लागतात. वायुग्रहावरून फुकटचं कच्चं इंधन भरावंसं वाटतं, पण त्यात जम्प फसून भलतीकडे फेकलं जाण्याचा धोका असतो. आत काय आहे ते न विचारता एखादी पेटी पोचवायला माणूस तयार होतो. गोष्ट या तोट्यातून जन्माला येते.

आता घाईतला गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, पहिल्याच दिवशी म्हणतो, ‘हिशेब कंटाळवाणा आहे, यान तुमचंच समजा.’ दोन सेशन मजेत जातात. तिसऱ्यात एक व्यापारी धोक्याचं काम घेऊन येतो आणि खेळाडू विचारतात, ‘आम्ही का करावं?’ उत्तर नसतं. गेम मास्टर बक्षीस दुप्पट करतो, मग चौपट. पण पैशांची गरजच नसलेल्यांना पैशांचं काय? पाचव्या सेशनला तो नाइलाजाने यानच जप्त करवतो, खेळाडूंना वाटतं आपल्याला दावणीला बांधलं, आणि सहाव्या सेशनला दोघांना ‘अचानक काम’ निघतं.

असं कॅम्पेन सुधारता येतं. यानावर जुन्या मालकाचं कर्ज शिल्लक असल्याचं पुढच्या बंदरात कळू द्या, तीन हप्ते थकलेले ठेवा, आणि एका खेळाडूला शंभर पानी वही देऊन जमा, खर्च, शिल्लक असे तीन रकाने आखायला सांगा. वही खेळाडूच्याच हातात हवी. गेम मास्टरने हिशेब ठेवला की त्याची झळ कोणालाच लागत नाही.

आणि टेबलाला आकड्यांचा खरोखर तिटकारा असेल, तर ट्रॅव्हलर अर्धा कापून खेळू नका. सरळ स्कम अँड व्हिलनी घ्या. तिथे मोहिमेची तयारी एका रोलमध्ये उरकते, राहिलेली योजना फ्लॅशबॅकने भरता येते आणि यान निवडतानाच ठरतं की तुम्ही तस्कर, इनामासाठी माणसं पकडणारे की बंडखोर.

ओळखीच्या डी-अँड-डीवर लेझर चिकटवणं

डी-अँड-डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, तलवारी-जादूचा सगळ्यांच्या ओळखीचा खेळ. ‘नवे नियम कोण शिकणार’ म्हणून काढलेली ही पळवाट मला अजिबात मान्य नाही. पाचव्या आवृत्तीतला दहाव्या लेव्हलचा फायटर, कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा कणखरपणा) १४, म्हणजे सुमारे ८४ हिट पॉइंट, इतका मार तो झेलू शकतो. लेझर पिस्तुलाचा मार तीन सहाबाजू फासे, सरासरी साडेदहा. त्याला आडवा करायला आठ गोळ्या लागाव्या लागतात. मग कोणी पिस्तूल रोखलं तरी खेळाडू हात वर करत नाही, ओलीस प्रसंग फुसका ठरतो, आडोसा घ्यायची गरज उरत नाही. ट्रॅव्हलरमध्ये मार थेट ताकद, चपळाई आणि दम या तिन्हींतून वजा होतो. तिन्ही ७ धरले तर एकूण २१. चिलखत नसेल तर तीन फाशांच्या दोनच सरासरी गोळ्यांत माणूस संपला. म्हणून तिथे खेळाडू आधी बोलतात, मग बंदूक काढतात.

डी-ट्वेंटीची, म्हणजे डी-अँड-डीतल्या वीस बाजूंच्या फाशाची, सवय मोडवतच नसेल तर स्टार्स विदाउट नंबर घ्या. हल्ला वीस बाजूंच्या फाशाने, कौशल्यं दोन साध्या फाशांनी, आणि सुरुवातीचे हिट पॉइंट जेमतेम एका सहाबाजू फाशाइतके (वॉरियर या लढवय्या पात्राला दोन जास्त). रिव्हाइज्ड आवृत्तीची पीडीएफ फुकट मिळते, त्यामुळे महागड्या पुस्तकाचं कारण चालणार नाही.

भयाची सिस्टीम, वर्षभराचं कॅम्पेन

एलियन या चित्रपटावरच्या खेळाच्या मूळ आवृत्तीत ताण वाढला की जादा फासे मिळतात, पण त्यांवर १ आला की घबराटीचा रोल. एका रात्रीसाठी ही योजना अफाट चालते. मदरशिप हा दुसरा भयखेळही एका रात्रीला असाच रंगतो. पण दर आठवड्याला घाबरलेलं माणूस तिसऱ्या महिन्यात घाबरायचं थांबतं. तीन ते पाच सेशनचा बेत ठेवा. लांबवायचंच असेल तर एलियनमधले कॅम्पेनचे वेगळे नियम आधी वाचा. सिनेमॅटिक, म्हणजे एकाच छोट्या गोष्टीच्या, प्रकारातली पात्रं मुळात टिकण्यासाठी बनवलेली नाहीत.

दोन फाशांवर सढळ हाताने बोनस वाटणं

ट्रॅव्हलरमध्ये काम जमायला दोन फाशांची बेरीज ८ किंवा जास्त लागते, आणि ती येण्याची शक्यता ४१.७ टक्के. एकचा बोनस दिला की ५८.३, दोनचा दिला की ७२.२. डी-ट्वेंटीवर एकची किंमत ५ टक्के असते, इथे तिप्पट. आणि कौशल्यच नसेल तर वजा ३, म्हणजे ८.३ टक्के. सवयीने ‘अंधार आहे, वजा दोन’ म्हणण्याआधी हे आकडे गेम मास्टरच्या टिपणं झाकणाऱ्या पडद्याच्या आतल्या बाजूला चिकटवा.

बाकी थोडक्यात. गर्प्स ही कुठल्याही जगाला चालणारी सिस्टीम घेतली तर कोणते पर्यायी नियम वापरणार हे गेम मास्टरने आधी ठरवायचं, पुस्तकं खेळाडूंपुढे उघडी टाकायची नाहीत. ट्रॅव्हलरची पात्रं घरून बनवून आणू देऊ नका. पात्राच्या आधीच्या नोकरीतल्या चार-चार वर्षांच्या टर्मचे रोल सगळ्यांसमोर झाले तरच जुन्या ओळखी जुळतात. नकाशावरचे तीसच्या तीस ग्रह लिहीत बसू नका, एका जम्पच्या टप्प्यातले पाच पुरेत. आणि नियम न वाचता नुसते व्हिडिओ बघून गेम चालवायला बसू नका.

यानांच्या लढाईत तिघं रिकामे

पायलट रोल करतो, गनर रोल करतो, बाकीचे मोबाइल काढतात. सिस्टीम घेण्याआधी तिच्या यानयुद्धाच्या प्रकरणात प्रत्येक जागेला दर फेरीत करण्यासारखं काय आहे ते शोधा. स्टार्स विदाउट नंबरमध्ये ब्रिज, कॅप्टन, कम्युनिकेशन, इंजिनिअरिंग आणि गनरी असे पाच विभाग कमांड पॉइंटच्या एकाच साठ्यावर चालतात, त्यामुळे इंजिनिअरने जमवलेले पॉइंट गनर खर्च करतो आणि सगळे एकमेकांशी बोलत राहतात.

चाचणी दोन तासांत होते. तयार पात्रं वाटा आणि तीन प्रसंग खेळवा: बंदरातली घासाघीस, बंद दारामागची गोळीबारी, यानाचा पाठलाग. दर वेळी पुस्तक उघडावं लागलं की कागदावर एक रेघ ओढा. पाठलागात दहाच्या वर रेघा पडल्या आणि तुमच्या कागदावरची ती एक ओळ पाठलागाचीच असेल, तर पहिल्या सेशनची तारीख पुढे ढकला आणि दुसरं पुस्तक उघडा.