व्हीएफएक्सची डिग्री घ्यायची म्हणताय? आधी कागद बघा, मग लॅब

गेल्या मे महिन्यात तासगावचे मामा सांगलीला घरी आले, सोबत बारावी झालेला पोरगा. "ह्यो दिवसभर मोबाईलवर व्हिडिओ करत बसतोय, त्याची डिग्री असती म्हणं, तू तेच करतोस न्हवं?" मी तेच करतो म्हणजे व्हीएफएक्स, सिनेमातली कॉम्प्युटरवर केलेली दृश्यं, त्यातलं कंपोझिटिंग करतो, वेगवेगळे तुकडे एका शॉटमध्ये खरे वाटतील असे जोडायचे, नऊ वर्षं झाली, आधी पुण्यात आणि आता मुंबईत. पण मामांना "हां, घाला" म्हणून मोकळं व्हायचं जिवावर आलं, कारण माझी अॅडमिशन जशी झाली तशी कुणाची होऊ नये.

२०१३ च्या मे मध्ये सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये सेमिनार होता, एसी फुल, चहा-सामोसा, आणि पडद्यावर 'लाइफ ऑफ पाय' सिनेमातला तो वाघ. त्याच वर्षी त्याला व्हीएफएक्सचं ऑस्कर मिळालेलं, काम केलेल्या ऱ्हिदम अँड ह्यूजचे मुंबई-हैदराबादला पण स्टुडिओ होते, सगळं खरं. फक्त ऑस्करच्या आधी थोडेच दिवस त्याच कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली होती, ते काही कुणी सांगितलं नाही. बाबांनी तिथल्या तिथं चेक फाडला.

तिसऱ्या वर्षी कळलं की आमची डिग्री दुसऱ्याच राज्यातल्या विद्यापीठाची आहे, ती पण डिस्टन्सची, आणि इन्स्टिट्यूट फक्त क्लास. मार्कशीट परीक्षेनंतर चौदा महिन्यांनी आली. स्टुडिओत कुणी विचारली नाही हा भाग वेगळा, पण माझ्या रूममेटला मधेच बँकेची परीक्षा द्यायची होती, त्याला फॉर्मच भरता आला नाही.

म्हणून पहिला प्रश्न हाच, की सर्टिफिकेटवर नाव कुणाचं येणार? यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, त्याचा कायदा १९५६, कलम २२, डिग्री द्यायचा हक्क फक्त विद्यापीठाला किंवा संसदेने तसा हक्क दिलेल्या संस्थेला. क्लासवाला स्वतः डिग्री देऊच शकत नाही, तो डिप्लोमा देईल नाहीतर कुणाच्या तरी नावाने देईल. ते 'कुणीतरी' यूजीसीच्या यादीत आहे का, कोर्स रेग्युलर आहे का डिस्टन्स, हे लेखी घ्या, आणि काउन्सेलरताई कितीही गोड बोलल्या तरी विद्यापीठाच्या ऑफिसात स्वतः फोन लावा.

आता लॅब. मी मामेभावाला घेऊन पुण्यात दोन ठिकाणी फिरलो. एका ठिकाणी गेटवर पोस्टर भारी, आत गेलो तर कॉम्प्युटरवर धूळ. दुसरीकडे मी फक्त एवढंच म्हटलं की मागच्या बॅचचं शेवटच्या वर्षाचं काम दाखवा, त्यातला एक शॉट उघडा आणि ज्यानं केलाय त्याच्याशी बोलू द्या. दाखवलं त्यांनी, बोलू पण दिलं. शंभर टक्के प्लेसमेंटपेक्षा हे जास्त कामाचं. सर प्रॉडक्शनमध्ये राहिलेत का आणि लॅब क्लासनंतर किती वाजेपर्यंत उघडी, हे पण विचारायचं. लॅब पाचला बंद होत असेल तर तिथं काय शिकणार, रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरनं शॉट पूर्ण करून काढणं, रात्रीच लावायचा असतो.

आणि काम नक्की काय असतं हे पोरांना आधी कळायला पाहिजे. स्फोट आणि ड्रॅगन नंतर. सुरुवातीला बहुतेक जण रोटो, म्हणजे माणूस कडेने कापून वेगळा काढणं, नाहीतर पेंट, म्हणजे नको ते पुसणं, ह्याला बसतात. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम चालतो, पाच सेकंदाचा शॉट म्हणजे १२० फ्रेम, त्यात हिरोईनचे केस उडतायत आणि तुम्ही त्या केसांच्या कडेने रेघ मारताय. नाहीतर हिरोच्या कमरेची दोरी पुसताय, आणि नुसती दोरी पुसून भागत नाही, मागची भिंत परत बसवायला लागते. जमलं तर कुणाला दिसत नाही, चुकलं तर सगळ्यांना दिसतं. त्यात आता ही खालची पायरीच झिजत चाललीय, आफ्टर इफेक्ट्समध्ये रोटो ब्रश आहे, नूक ह्या कंपोझिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२१ पासून कॉपीकॅट आहे, दहा-बारा फ्रेम करून द्या बाकीचं मशिन बघतं. त्यामुळं फक्त रोटो शिकवून "इंडस्ट्री रेडी" म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

व्हिडिओ ग्राफिक्स, म्हणजे मोशन ग्राफिक्स, हा जवळपास वेगळाच धंदा आहे. न्यूज चॅनेलच्या पट्ट्या, जाहिराती, टायटल. तिथं अक्षराची नजर लागते, टायपोग्राफी लागते, आणि काम पुण्यात काय, सांगलीत बसून पण मिळतं. आमच्या गल्लीतला लग्नाचं मिक्सिंग करणारा पोरगा हे झ्याक करतो, डिग्री नाही त्याच्याकडं.

खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकलेचा, आणि काकांच्या फोटो स्टुडिओत लेन्स हाताळल्या त्याचा. उजेड कुठून येतोय हे ज्याला दिसत नाही त्याला नूक शिकवून काय करणार? म्हणून चित्र बरं असेल तर बीएफएचा, म्हणजे चित्रकलेच्या डिग्रीचा विचार करा, मुंबईचं जेजे २०२३ ला अभिमत विद्यापीठ झालंय, किंवा डिझाइन शिकवणारं अहमदाबादचं एनआयडी, किंवा युसीड ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईचं बीडेस, म्हणजे डिझाइनची डिग्री, त्या परीक्षेला बारावीची कुठलीही शाखा चालते, पण घासून अभ्यास करावा लागतो. आणि यातलं काही जमत नसेल, पैसे नसतील, तर शिवाजी विद्यापीठाखालच्या जवळच्या कॉलेजात साधी बीएस्सी करा आणि रात्री ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर उघडा, ते फुकट आहे, नूकची आणि हूडिनी ह्या इफेक्ट्सच्या सॉफ्टवेअरची पण शिकण्यापुरती फुकट आवृत्ती मिळते. मामांना मी हेच सांगितलं. त्यांना ते जरा कमीपणाचं वाटलं, "मग तुझी डिग्री काय उपयोगाची?" म्हणाले, मी चहा प्यायलो.

शेवटी भावाला म्हटलं अॅडमिशनच्या आधी एक काम कर, तुमच्या द्राक्षबागेचा मोबाईलवर पाच सेकंदाचा व्हिडिओ काढ आणि त्यातली विजेची तार पुसून मला पाठव. आठ दिवसांनी पाठवला. तार गेली होती, पण तिची सावली पानांवर तशीच होती. तसं सांगितलं तर म्हणतो, "दादा, ती कुणाला दिसतीय?" दुसरा व्हिडिओ अजून आलेला नाही.