मेमरी संपून ब्राउझर क्रॅश झाला तर तो सिक्युरिटी बग आहे का, कसं ओळखायचं

पेजमधे लूप टाकला, अ‍ॅरे फुगत गेला, टॅब मेला, आणि लगेच बाउंटीची, म्हणजे बग कळवल्याबद्दल मिळणाऱ्या बक्षिसाची, स्वप्नं सुरू. जरा थांबा. नुसती मेमरी संपून टॅब पडणं क्रोमियमवाले (क्रोम ज्यावर बनतं तो प्रोजेक्ट) सिक्युरिटी बग धरतच नाहीत, त्यांच्या सिक्युरिटी एफएक्यूमधे सरळ लिहिलंय की डिनायल ऑफ सर्व्हिस, म्हणजे नुसतं काम बंद पाडणं, हा स्टेबिलिटीचा नाहीतर अब्यूजचा विषय. आणि ते बरोबरच आहे, टॅब बंद केला की त्रास संपला, कोणाचा डेटा चोरीला गेला नाही की कोणाचा कोड तुमच्या मशीनवर चालला नाही. सर्व्हरची गोष्ट वेगळी, तिथे एकाच्या रिक्वेस्टने बाकी सगळ्यांचं काम अडतं म्हणून तिथे हाच प्रकार सिक्युरिटीत मोजतात.

म्हणजे बघायचं एवढंच, की ब्राउझरने स्वतःहून जीव दिला की भलत्या जागी हात घातल्यामुळे तो गेला. मेमरी मागितली आणि मिळाली नाही तर क्रोम काय फायरफॉक्स काय, बहुतेक ठिकाणी मुद्दाम प्रोसेस मारून टाकतात. युजरला हे वाईट दिसतं पण नल पॉइंटर, म्हणजे कुठेच न नेणारा रिकामा पत्ता, हातात घेऊन पुढे चालत राहण्यापेक्षा लाख पटीने बरं.

आधी क्रॅशचं कारण वाचा. क्रोममधे टॅब मेल्यावर जे पान येतं त्यावर एरर कोड असतो, तिथे आउट ऑफ मेमरी दिसलं तर उत्तर जवळपास मिळालंच. फायरफॉक्समधे अबाउट:क्रॅशेस उघडून रिपोर्टची सिग्नेचर, म्हणजे क्रॅशला दिलेलं नाव, बघा, मेमरी संपलेली असेल तर सुरुवातीलाच ओओएम (आउट ऑफ मेमरी) असतं. लिनक्सवर कधीकधी काहीच रिपोर्ट बनत नाही, तेव्हा कर्नलचा लॉग बघायचा, मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या ओओएम किलरने ती उडवलेली असते.

शंका राहिली तर अ‍ॅड्रेस सॅनिटायझर, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणाऱ्या एसॅन बिल्डमधे तेच पेज चालवा. आउट ऑफ मेमरी किंवा अ‍ॅलोकेशन साइझ टू बिग आलं, सोडून द्या. रिकर्शनमुळे (फंक्शन स्वतःलाच बोलावत राहिल्याने) स्टॅक ओव्हरफ्लो, तेही सोडा. हीप यूज आफ्टर फ्री (मोकळी केलेली मेमरी परत वापरणं) किंवा हीप बफर ओव्हरफ्लो (मिळालेल्या जागेच्या बाहेर जाणं) दिसलं तर मात्र सरळ सिक्युरिटी. नुसता सेगफॉल्ट, म्हणजे चुकीच्या पत्त्याला हात लावल्याने क्रॅश, असेल तर तो पत्ता बघा, शून्याच्या जवळ आणि दरवेळी तोच असेल तर साधा नल डिरेफरन्स, म्हणजे नल पॉइंटर वापरून बसणं, पण इनपुट बदललं की पत्ताही बदलतोय तर कान टवकारा. फायरफॉक्समधे पत्त्यात ई५ई५ई५ दिसलं तर तो बहुधा मोकळ्या केलेल्या मेमरीत शिरलाय, हे गंभीर. एक भानगड लक्षात ठेवा, एसॅनला अ‍ॅलोकेशन फेल झाल्यावर नल परत द्यायला सांगणारं सेटिंग आहे, ते चालू असेल तर खऱ्या ब्राउझरमधे होणारच नाहीत असे क्रॅश दिसतात, म्हणून साध्या रिलीज बिल्डवरही चालवून बघाच.

आता खरी मजा. मेमरी संपणं हा स्वतः बग नसला तरी बगपर्यंत जायचा रस्ता असू शकतो. समजा कोडमधे इमेजचा बफर साइझ ३२ बिटमधे काढलाय, ३२७६८ गुणिले ३२७६८ पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, गुणाकार बरोबर ४ जीबी होतो आणि ३२ बिटमधे तो गुंडाळून शून्य होतो, मग मेमरी मिळते चिमूटभर आणि लिहिलं जातं भरमसाट. किंवा अ‍ॅलोकेशन फेल झाल्यावर जो एरर पाथ चालतो त्यात ऑब्जेक्ट अर्धवट तयार राहतं आणि पुढचा कोड ते वापरतो, हा पाथ सहसा कोणी टेस्टच करत नाही.

हे पकडायची सोपी युक्ती म्हणजे क्रोमचा टास्क मॅनेजर उघडा ठेवून मेमरी बघत राहायची. आकडा चढत चढत गेला आणि मग टॅब पडला तर नेहमीचंच. मेमरी भरपूर शिल्लक असताना पडला तर तिथे काहीतरी असू शकतं, आता साइझ थोडी थोडी बदलून नेमकी कुठल्या आकड्याला पडतो ते शोधा.

संशय पक्का असेल तर बग सिक्युरिटी टेम्प्लेटमधून खाजगीच टाका, नसेल तर साधा स्टेबिलिटी बग म्हणून टाका, तोही दुरुस्त होऊ शकतो, फक्त बाउंटी नाही. दोन्हीकडे छोटीशी एचटीएमएल फाइल, व्हर्जन आणि पूर्ण स्टॅक ट्रेस (क्रॅश होताना चालू असलेल्या फंक्शन्सची यादी) द्या, स्क्रीन रेकॉर्डिंग बघून कोणाला बग सापडत नाही.