जड सॉफ्टवेअर ऑनलाइन चालवताना

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या गणेश मंडळाचा फलक असो किंवा सयाजीराव विद्यापीठात ललितकला शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे अ‍ॅनिमेशन, ऑनलाइन सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी त्याचे आकडेमोडीचे काम नेमके कोणत्या संगणकावर होते, हे पाहावे.

फोटोपी हे चित्र संपादनाचे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये उघडते, पण फाइल सर्व्हरवर जात नाही. सगळा भार आपल्याच संगणकावर पडतो. त्यामुळे इन्स्टॉल करण्याचा त्रास वाचला, तरी अनेक लेयर (थर) असलेली मोठी पीएसडी (फोटोशॉपची फाइल) जुन्या लॅपटॉपवर अडखळणारच. फलकासाठी मात्र ते पुरेसे आहे. युनिकोड फॉन्टची टीटीएफ फाइल खिडकीत ओढून टाकावी आणि ‘सुऱ्या’, ‘श्री’, ‘उत्सव’ अशी जोडाक्षरे मोठी करून तपासावीत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आधी बदलून घ्यावा. एरवी रोमन अक्षरांचा गोंधळ उमटतो. काम थांबवताना पीएसडी उतरवून घ्यावी.

ब्लेंडर या त्रिमिती चित्रांच्या सॉफ्टवेअरमधल्या लांब अ‍ॅनिमेशनसाठी जीपीयू (चित्रांची गणिते वेगाने करणारी चिप) असलेला सर्व्हर तासाच्या दराने भाड्याने घेणे खरे उपयोगाचे. नव्या खात्याला बहुधा जीपीयू लगेच मिळत नाही, मर्यादा वाढवून मागावी लागते. म्हणून सबमिशनच्या आदल्या रात्री खाते उघडू नये. सर्व्हरचा पडदा इंटरनेटवरून आपल्या संगणकावर पाहत मॉडेलिंग करायचे असेल, तर मुंबईचा सर्व्हर निवडावा, कारण अंतर वाढले की माउस मागे रेंगाळतो. केवळ रेंडर (दृश्यांची अंतिम चित्रे तयार) करायचे असल्यास दूरचा, स्वस्त सर्व्हरही चालतो.

ब्लेंडरची फाइल सर्व्हरवर पाठवण्यापूर्वी ‘पॅक रिसोर्सेस’ वापरून टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रे) फाइलमध्येच सामावून घ्यावीत. ती राहिली, तर वस्तू भडक गुलाबी दिसतात. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल, तर १ जीबी जायला किमान १३ मिनिटे २० सेकंद लागतात. डाउनलोडचा वेग येथे कामाचा नाही. आधी एकच फ्रेम रेंडर करून लागलेला वेळ एकूण फ्रेमसंख्येने आणि मग ताशी दराने गुणावा, म्हणजे अंदाजे खर्च कळतो. सलग व्हिडिओऐवजी पीएनजी फ्रेम काढाव्यात, जेणेकरून काम मध्येच तुटल्यास उरलेल्या फ्रेमपासून पुढे जाता येईल. बडोद्याच्या मे महिन्यात लॅपटॉप रात्रभर तापवण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

ब्राउझर बंद केला म्हणून भाडे थांबत नाही. नियंत्रण पानावरून सर्व्हर बंद करावा लागतो, आणि त्यानंतरही डिस्कचे पैसे लागत राहतात; तेव्हा फ्रेम उतरवून, त्या नीट उघडतात हे पाहून डिस्कही काढून टाकावी.